पिकपची कणकण

गाडी थांबली की ते आधी खाली उतरत, पुढे येत आणि बॉनेटवर उजव्या हाताचा तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहत. शाळेतून तोंड उतरवून आलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते, अगदी तसा. मग डोळे उघडून, समोर जो कोणी असेल त्याला सांगत, "कणकण हाय जरा. उतरंल."

ताप हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. झाकणातून वाफेचा फवारा उडतोय, खाली रस्त्यावर पाणी साचलंय, बॉनेटखालून चहाच्या किटलीसारखा आवाज येतोय, तरी निदान ठरलेलं. कणकण. तुमच्या नात्यागोत्यातही असा एखादा असेल पाहा. घरातल्या दुखण्याचं मोठं नाव घेतलं तर दुखणं ते नाव ऐकून मोठं होईल, अशी भीती असलेला. यांची ती भीती एका जुन्या पिकपच्या बाबतीत होती, एवढाच फरक.

सगळे त्यांना पिकपवाले मामा म्हणत. म्हणून मीही मामाच म्हणायचो. वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराला टेकून असलेल्या सात वाड्यांचं दूध ते रोज सकाळी नसरापूरला आणत. आणि नसरापूरला, एका डेअरीच्या संकलन केंद्रावर, ते दूध तपासायला मी बसलेला असे.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटचं सांगतोय. मोबाईल अजून आमच्याकडे आला नव्हता आणि मी पंचविशीचा होतो. माझं काम सोपं होतं. कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, आणि शंका आली तर काचेच्या नळीत थोडं दूध घेऊन उकळून पाहायचं. नळीत दूध फुटलं की कॅन परत. पंचविशीच्या माणसाच्या हातात एवढी सत्ता देऊ नये. मी नाक असं काही आत घालायचो की बाहेर उभी असलेली माणसं कौल लावल्यासारखी माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी मुद्दाम दोन क्षण जास्त घ्यायचो. कधीकधी भुवईसुद्धा उचलायचो.

मामांवर याचा काही परिणाम व्हायचा नाही. मी कॅनमध्ये वाकलेला असताना ते बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे असायचे. दोन वैद्य, दोन रोगी. एकदा मी म्हटलं, मामा, गाडीत तापमानाचा काटा असतो की. त्यांनी मला केबिनमध्ये नेऊन काटा दाखवला. तो कित्येक वर्षं डाव्या कोपऱ्यात आडवा पडलेला होता. "झोपलाय," ते म्हणाले. "झोपू द्या. हात हाय की."

आणि हात खरा होता, हे कबूल केलं पाहिजे. एकदा आमच्या डेअरीचे साहेब पुण्याहून जीप घेऊन तपासणीला आले. मामांनी जाता जाता सवयीने जीपच्या बॉनेटला तळवा लावला आणि थबकले. साहेबांना म्हणाले, "सायेब, हिला कणकण न्हाई. हिला ताप हाय."

मी त्यांच्या तोंडून ताप ऐकला तो त्या एकाच वेळी. साहेब हसले. तासाभराने कामथडीजवळ रस्त्याच्या कडेला ती जीप वाफ सोडत उभी होती आणि साहेब एका शेअर रिक्षात कोंबून परत येत होते. त्यांच्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. त्या दिवसापासून साहेबांच्या मनात मामांविषयी काहीतरी बसलं ते बसलंच.

आता रोगाकडे येतो.

पिकप कधीकाळी हिरवी होती. तिचा रेडिएटर पहिल्यांदा गळायला लागला तो फाल्गुनात, सर्वांत वरच्या वाडीत. वाफ बघून एक आजी घरातून तांब्या घेऊन आल्या. मामांनी त्यांच्याकडे चिमूटभर हळद मागितली. रस्त्यावरच्या जुन्या ड्रायव्हरांना ही युक्ती ठाऊक असते. हळद पाण्याबरोबर फिरत भोकापाशी जाते, तिथे फुगून बसते आणि गळती तेवढ्यापुरती थांबते. त्या दिवशी थांबली. टँकर सकाळी नऊला पुण्याकडे निघे, त्याच्या आत दूध नसरापूरला पोचलं. मामांनी मग खाली येताना प्रत्येक वाडीत त्या आजींच्या हळदीचं कौतुक केलं. असल हळद. गाडीची कणकण पळाली. मामांना कौतुक करायची फार हौस होती, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

पिकपचे खरे डॉक्टर भोरला होते. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं रेडिएटर झाळायचं, म्हणजे भोकाला धातूचा डाग देऊन ते बुजवायचं दुकान होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत. चष्म्याला दोरी, हातात झाळणी, आणि स्वतःच्या कामाचा असा अभिमान की गिऱ्हाईकाने दुकानात उभं राहतानाही जपून राहावं. मी राहायला भोरलाच होतो, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसायचा मला नाद होता. मामा आणि चाचा यांची दोस्ती जुनी. दर ईदला शिरखुर्म्याचं दूध वरच्या वाडीहून मामा स्वतः आणून द्यायचे, आणि त्यात मला नाक घालू द्यायचे नाहीत.

चाचांनी ते भोक झाळून दिलं आणि बजावलं, हळद भाजीत घालायची. रेडिएटरच्या आत शंभर बारीक नळ्या असतात, त्या हळदीने बुजतात. बुजल्या की पाणी फिरत नाही, पाणी फिरलं नाही की इंजिन तापतं, इंजिन तापलं की झाळलेलं पुन्हा सुटतं. मामांनी मान डोलावली. आज्ञाधारक माणूस. दुसऱ्या दिवशी सातही वाड्यांत जाहीर करून आले की गाडीला हळद आजपासून बंद, चाचांनी पथ्य सांगितलंय.

आणि त्या दिवसापासून गाडीचा आजार वाढला.

चैत्रात वरची शिवण सुटली. चाचांनी झाळली. वैशाखात पिकप विंझरच्या अलीकडे उभी राहिली ती दोन तास. टँकर निघून गेला, दूध उन्हात तापलं. मी नळीत घेतलं आणि ज्योतीवर धरताच फुटलं. एकूण एक कॅन. त्या दिवशी मी भुवई उचलली नाही. मामांनी कॅन परत गाडीत चढवले आणि बॉनेटला हात न लावता निघून गेले. आश्विनात पुन्हा तेच, पुन्हा सगळं दूध गेलं. मधल्या काळात चाचांनी टाकी न उघडता शिवणी झाळल्या, झाकण बदललं, बाहेरच्या रबरी नळ्या बदलल्या. गाडी आठ-दहा दिवस बरी राहायची आणि मग पुन्हा वाफ.

केंद्रावर प्रत्येकाचं एकेक मत होतं. कोणी म्हणे नजर लागली. मग पुढे लिंबू-मिरची टांगली गेली आणि ती वाफेने शिजली. कोणी म्हणे मामा गाडी रात्री दक्षिणेकडे तोंड करून लावतात. एकाने मला विचारलं, तुमच्या त्या नळीत रेडिएटरचं पाणी उकळून बघता का. मी बघितलंसुद्धा. ते उकळलं. त्यापलीकडे काही कळलं नाही. जरा पिवळट होतं, पण मला वाटलं गंज असेल. एवढं माझं शास्त्र.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी चाचांच्या बाकड्यावर असताना मामा पुन्हा रेडिएटर घेऊन आले. पोत्यात गुंडाळून, कडेवर घेतल्यासारखा. चाचांनी वरची टाकी उघडली, पोलादी पात एका नळीत घातली आणि बाहेर काढली. पात पिवळीधमक. त्यांनी ती दिव्यापाशी नेली, वास घेतला आणि माझ्याकडे केली. वासाच्या बाबतीत माझा दाखला चाले. हळदच होती.

"मामा, ही हळद हाय," चाचा म्हणाले.

"म्या न्हाई टाकली."

"मग रेडिएटर कुनाच्या लग्नाला जाऊन आला?"

"चाचा, पोरांची आन घेतो. म्या एक चिमूट टाकली न्हाई."

चाचांनी पात फडक्याला पुसली. त्यांना राग आला की ते फार हळू बोलत. म्हणाले, "ह्यो करून देतो. उद्या घेऊन जावा. पर पुन्हा हितं आनू नका. खोटं बोलनाऱ्याच्या गाडीला माजा डाग बसत न्हाई."

मामांनी रिकामं पोतं घडी करून काखेत धरलं. मला तेव्हा वाटलं, सापडले. आता मागे वळून पाहताना कळतं की गप्प बसणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे मी दुधाच्या कॅनएवढंही नीट पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ईदला चाचांच्या घरी शिरखुर्मा दुकानातल्या पिशवीच्या दुधाचा झाला. मी दोन वाट्या खाल्ला. चाचांनी अर्धी वाटी ठेवून दिली.

पुन्हा फाल्गुन आला, ऊन चढायला लागलं, आणि साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. दोनदा दूध नासलं होतं. तिसऱ्यांदा ते नासू देणार नव्हते. सारोळ्याकडच्या एकाने नवा कोरा टेम्पो घेतला होता आणि तो ही फेरी मागत होता. फक्त त्याची एक अट होती. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढे तो जाणार नाही. म्हणजे वरच्या चार वाड्या सुटल्या. तिथल्या बायांनी दूध डोक्यावर घेऊन पहाटे तीन मैल उतरायचं, नाहीतर म्हशी विकायच्या. साहेबांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, भावनेचा प्रश्न नाही. तू एक दिवस त्या गाडीतून ये आणि उशीर का होतो त्याचा रिपोर्ट दे. रिपोर्ट बघून ठरवतो.

म्हणजे मामांची फेरी माझ्या हातात आली. सांगितलं ना, पंचविशीच्या माणसाला एवढी सत्ता देऊ नये.

मी आदल्या संध्याकाळच्या एसटीने मामांच्या गावी मुक्कामाला गेलो. त्यांनी मला कशाला आलात असं विचारलं नाही. सगळं ठाऊक होतं. मामींनी तांदळाची भाकरी केली, आणि मामांनी दुसऱ्यांदा वाढायला लावली. पहाटे आम्ही निघालो. वर जाताना गाडी मांजरासारखी चालली. उजाडता उजाडता सर्वांत वरच्या वाडीत पोचलो.

आता नीट पाहा, कारण मी तेव्हा पाहत होतो. त्या वाड्यांमध्ये दारी आलेल्या पाहुण्याच्या पायावर पाणी घालायची पद्धत. बैल विकत घेऊन आणला तरी त्याच्या पायावर आधी पाणी. पिकप पहिल्यांदा त्या कच्च्या रस्त्याने चढून आली तेव्हा बायांनी तिच्या चारी चाकांवर पाणी घातलं होतं म्हणे. पुढे तिला तहान लागते असं कळल्यावर तेच पाणी चाकांऐवजी तोंडात जाऊ लागलं. मामा थांबले की पोत्याच्या घडीने रेडिएटरचं झाकण उघडत आणि मागे जाऊन दूध मोजून कॅन भरायला लागत. पुढचं पाणी भरायचं काम घरच्या बाईचं. रोजचा रिवाज.

मी त्या दिवशी मुद्दाम पुढे, एका जांभळाच्या बुंध्याआड उभा राहिलो. हळदवाल्या आजी तांब्या घेऊन आल्या. त्यांनी आधी बॉनेटला तळवा लावला. मग मागे मामा पाहत नाहीत ना हे पाहिलं. कमरेच्या पिशवीतून चिमूट काढली, तांब्यात सोडली, बोटाने ढवळली आणि तांब्या रेडिएटरमध्ये रिकामा केला. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा दचकल्या नाहीत. बोट ओठांवर ठेवलं.

"बोलू नगा," त्या म्हणाल्या. "पुरुषमान्सांला म्हाप कळत न्हाई. भसाभसा टाकत्यात, मग बाधतं. म्या रोज येवढीशीच देते. बाळंतिनीला देतो तेवढी."

मला हसू येत होतं ते मी दाबलं. पण खाली दुसऱ्या वाडीत तीच गोष्ट. तिथे तरणी सून होती, तिने हळद पदराच्या गाठीत आणली होती. तिसऱ्या वाडीत कळशीतच आधी कालवून ठेवलेली. चौथीत दोघी जावा, एकमेकींना चुकवून, दोन वेगळ्या तांब्यांनी. प्रत्येकीने मला गप्प राहायला सांगितलं. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच देतो, आणि आपल्यामुळेच गाडी इतके दिवस तग धरून आहे. सात वाड्या, आठ बाया. चाचांनी पथ्य सांगितल्यापासून सगळं चोरून चाललं होतं, रोज, जवळजवळ वर्षभर.

सातव्या वाडीनंतर मी मामांच्या शेजारी बसलो तेव्हा जगातलं मोठं रहस्य उलगडल्यासारखा फुगलो होतो. आता सांगावं की टप्प्याटप्प्याने सांगावं, याचा विचार करत होतो. मग मी जरा नाटकी आवाजात विचारलं, मामा, तुमच्या गाडीला हळद कोण घालतं, सांगू?

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"आठ जनी," ते म्हणाले. "पयल्या आजी. मंग दोन नंबरची सून, तिनं श्रावनात चालू केलं. आरसा वळवून ठिवलाय, मागनं मला समदं दिसतं, भाऊसाहेब."

माझा सगळा फुगारा तिथेच उतरला. मग मी विचारलं की मग सांगत का नाही त्यांना. चाचांनाही का सांगितलं नाही.

मामांनी गिअर बदलला. पुढे चढ नव्हता, गिअर बदलायची गरजही नव्हती.

"वैशाखात ह्यांचं समद्यांचं दूध नासलं," ते म्हणाले. "माज्या गाडीपायी. दुसऱ्या दिशी म्या मान खाली घालून वर गेलो. वाटलं, आता शिव्या. एका बाईनं तोंडातनं शब्द काढला न्हाई. उलट गाडीच्या अंगाला हात लावून बघितला. आश्विनात पुन्हा तेच. आता त्यांला कसं सांगू, का तुमचं दूध तुमच्याच हळदीनं नासलं?"

मी माझ्या बाजूच्या आरशात पाहिलं.

"तुमी लिवा काय लिवायचं ते," ते म्हणाले. "फेरी गेली तर गेली. पर बायांचं नाव नगं."

त्या दिवशी आम्ही नऊला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. वाटेत दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा ते उतरले, तळवा ठेवला, डोळे मिटले. दोन्ही वेळा मला म्हणाले, कणकण हाय, उतरंल.

रिपोर्ट मी त्याच दुपारी लिहिला. आयुष्यात इतकं जपून मी काही लिहिलेलं नाही. गाडीच्या रेडिएटरमध्ये बाहेरील पदार्थ साचत आहे, कारण समजले आहे, आठ दिवसांत दुरुस्ती होईल. साहेबांनी वाचून विचारलं, कसला पदार्थ. मी चेहरा अतिशय शास्त्रीय केला आणि म्हणालो, वनस्पतिजन्य. साहेबांना कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्यांना मला कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी आठ दिवस दिले. तेवढ्यात एकदा जरी टँकर चुकला तर फेरी टेम्पोवाल्याची. आठव्या दिवशी ते स्वतः येऊन बघणार होते.

संध्याकाळी मी भोरला चाचांच्या बाकड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. मामांनी बायांचं नाव साहेबांकडे नको म्हटलं होतं, चाचांकडे नको असं काही म्हटलं नव्हतं. चाचा आधी हसले. चष्मा काढून, डोळे पुसून हसले. मग हसू कमी होत गेलं आणि त्यांनी हातातली झाळणी खाली ठेवली.

"आन त्यो आरशात बघत व्हता," ते म्हणाले. "आन म्या त्याला खोटा म्हनलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर पोचलो तर फाटकाशी चाचा उभे. कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवून, एसटीने, खांद्यावर पोतं. साडेआठला पिकप आली. मामा उतरले, चाचांना पाहून जागीच थांबले. दोघांमध्ये ती गाडी. मी नाक कॅनमध्ये घातलं, पण डोळे बाहेर ठेवले.

चाचा पुढे आले आणि त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. डोळेसुद्धा मिटले.

"कणकण हाय जरा," ते म्हणाले.

मामांनी चाचांच्या खांद्यावरचं पोतं उतरवून घेतलं. मग म्हणाले, "उतरंल."

एवढंच. माफी मागण्याचे बरेच प्रकार मी पुढे पाहिले, त्यात हा बसत नाही.

पोत्यातून चाचांनी एक पत्र्याचा डबा काढला. तेलाचाच, पण त्याला वर जुन्या रेडिएटरचं पितळी तोंड झाळलेलं, झाकणासकट. खाली एक बारीक नळी, तिला आडवी भोकं पाडलेली. त्यांनी आधी रेडिएटरच्या नळ्यांतली हळद पातीने काढली, मग हा डबा त्याच्या पुढ्यात, हाताशी येईल असा बसवला आणि खरं तोंड एका पत्र्याखाली झाकून टाकलं. ते मामांनी फक्त घरी आणि नसरापूरला उघडायचं. बायांनी पाणी डब्यात घालायचं.

मामा पाहत होते, पण त्यांच्या मनाला पटत नव्हतं. म्हणाले, म्हणजे आता त्यांना फसवायचं का.

"फसवायचं कशापायी?" चाचा म्हणाले. "पानी जाळीच्या भायेरनं गळंल. गारवा लागतोच की तिला. हळद पोटात न्हाई जायाची, अंगाला लागंल."

डबा भरला की एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत पुरायचा. मामांनी बायांना सांगितलं की चाचांनी गाडीला नवं तोंड केलंय. कोणालाच शंका आली नाही. हळद जात राहिली, तशीच चोरून. चार दिवसांत पिकपची पुढची बाजू पिवळी दिसायला लागली. रस्त्यावरची माणसं हसायची. अंगाला हळद लावून, फेटा विसरून निघालेल्या नवरदेवासारखी ती रोज सकाळी नसरापूरला यायची, आणि वेळेवर यायची.

आठव्या दिवशी साहेब घड्याळ घेऊन फाटकाशी उभे राहिले. साडेआठ झाले, पिकप नाही. पावणेनऊ झाले, नाही. टँकरच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय रे, वनस्पतिजन्य? मी नळ्या धुवायला लागलो. त्या धुतलेल्याच होत्या.

नऊला पाच कमी असताना वळणावर तो पिवळा चेहरा दिसला. मामा उतरले, कपडे मातीने भरलेले. म्हणाले, रेडिएटरचं काही नाही साहेब, चाक पंक्चर झालं होतं. साहेबांचा विश्वास बसेना. ते पुढे झाले आणि त्यांनी बॉनेटवर स्वतःचा हात ठेवला. ठेवून तसेच उभे राहिले. पुण्याच्या साहेबाला त्या पवित्र्यात उभं राहिलेलं पाहणं हा माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा लाभ.

"गरम नाही," साहेब शेवटी म्हणाले.

"कणकण बी न्हाई," मामा म्हणाले.

मी नळीत दूध उकळलं. फुटलं नाही. टँकर दूध घेऊन गेला आणि फेरी मामांकडे राहिली. त्या वर्षीच्या ईदला दूध वरच्या वाडीचं होतं.

त्यानंतर त्यांनी आणखी पाच-सहा वर्षं ती फेरी केली. मग डांबरी रस्ता वरच्या वाडीपर्यंत गेला, दूध थंड करायची मोठी टाकी विंझरलाच बसली, आणि दूध दूर न्यायची घाई संपली. माझी बदली झाली. मामांनी गाडी विकली नाही. अंगणात आंब्याखाली लावून ठेवली आणि रोज सकाळी बाहेर आले की बॉनेटला हात लावून पाहत, असं मामी सांगायच्या. इंजिन तर सुरूच होत नव्हतं. काय म्हणायचे, असं मी विचारलं होतं. मामी म्हणाल्या, आता बरी हाय म्हनत्यात.

ते गेल्याचा निरोप मला मोबाईलवर आला. दहाव्याला मी भोरहून चाचांना घेऊन गेलो. चाचांना तेव्हा काठी लागत होती. घाटावरचे विधी आटपून माणसं परतली होती, जेवणं व्हायची होती. वरच्या वाड्यांच्या बाया नुकत्याच भेटून गेल्या, असं मामींनी सांगितलं.

आम्ही दोघं अंगणात गाडीपाशी येऊन उभे राहिलो. चारी चाकं मातीत बसली होती. काचेवर आंब्याचा पाला. बॉनेटवरचा हिरवा रंग एका जागी पार उडून आतला पत्रा उघडा पडला होता. पाच बोटांची जागा स्पष्ट दिसत होती. चाचांनी तिथे हात ठेवला. त्यांचा तळवा लहान होता, जागा उरली.

मला कुठेतरी पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. जाळीवरून एकेक थेंब खाली पडत होता आणि खालची माती ओली झाली होती. गाडी दोन वर्षांत जागची हललेली नव्हती. मी डब्याचं पितळी झाकण फिरवून काढलं आणि सवयीने नाक आत घातलं.

डबा काठोकाठ भरलेला होता. हळद अजून तळाला बसली नव्हती.